मुलांचा दमा: झटका ओसरल्यावर जबाबदारी कोणाची?

सोलापूर जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात नुकत्याच रुजू झालेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा प्रश्न असा आहे: पावसाळा लागला की धाप लागलेली तीच तीच मुले पुन्हा येतात, वाफ घेऊन घरी जातात आणि दीड-दोन महिन्यांनी परत दारात उभी राहतात. जिल्हा नियोजनातून थोडा निधी मिळण्याची शक्यता आहे. तो प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारे यंत्र) देण्यावर खर्च करावा, तालुकावार दमा शिबिरे घ्यावीत, की जिल्ह्याच्या ठिकाणी स्वतंत्र दमा क्लिनिक काढावे?

या तिन्हींपैकी एकानेही सुरुवात करू नये असे माझे मत आहे. मी सोलापूर शहरात बालरोगतज्ज्ञ म्हणून आधी सरकारी रुग्णालयात आणि नंतर खासगी व्यवसायात काम केले आहे. दोन्हीकडे मला दिसलेली अडचण यंत्रांच्या टंचाईची नव्हती. आपल्याकडे दम्याच्या झटक्यावर उपचार होतात, दम्यावर होत नाहीत. मूल धापा टाकत आले की डॉक्टर, परिचारिका, ऑक्सिजन सगळे धावते. तेच मूल तीन दिवसांनी हसत-खेळत घरी गेले की ते कोणाच्याच यादीत राहत नाही. म्हणून निधी कशावर खर्च करायचा या प्रश्नाआधी, झटका ओसरल्यानंतरच्या पंधरा दिवसांत त्या मुलाची जबाबदारी कोणाची, हे ठरवावे लागते.

अशा मुलाच्या आईच्या हातात बहुतेक वेळा प्लास्टिकची एक पिशवी असते. ती पिशवी टेबलावर रिकामी करून पाहावी. चार-पाच वेगवेगळ्या दवाखान्यांच्या चिठ्ठ्या, घडी पडलेला छातीचा एक्स-रे, अर्धी उरलेली अँटिबायोटिकची बाटली, श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉलचे सिरप, माँटेलुकास्ट आणि लिव्होसेट्रिझिन या ॲलर्जीवरच्या औषधांचे एकत्र सिरप. चिठ्ठ्यांवर कुठे ‘निमोनिया’, कुठे ‘ब्रॉन्कायटिस’, कुठे नुसतेच ‘खोकला-ताप’ लिहिलेले. आता त्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे एका ओळीत लावा. जून, ऑगस्ट, ऑक्टोबर, डिसेंबर असा क्रम दिसला, प्रत्येक वेळी वाफ दिल्यावर काही तासांत आराम पडल्याचे आईने सांगितले आणि मधल्या काळातही मूल रात्री खोकत होते असे कळले, तर निदान बहुतेक त्या टेबलावरच झालेले असते. ते आजवर झाले नाही याचे कारण डॉक्टरांचे अज्ञान नव्हे. चिठ्ठ्या एका ओळीत लावण्याचे काम कोणाकडेच नव्हते, एवढेच ते कारण आहे.

याची किंमत मोठी आहे. जागतिक रोगभाराच्या अभ्यासांनुसार जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे तेरा टक्के भारतात आहेत, पण दम्याच्या मृत्यूंमध्ये आपला वाटा चाळीस टक्क्यांहून अधिक आहे. साधने विपुल असली तरी हा प्रश्न आपोआप सुटत नाही. ब्रिटनमध्ये दम्याच्या १९५ मृत्यूंची छाननी करून २०१४ साली अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात २८ मृत्यू वीस वर्षांखालील मुलांचे आणि तरुणांचे होते. ज्यांच्या औषधांच्या नोंदी मिळाल्या आणि जे तात्पुरता आराम देणारा पंप (इनहेलर) वापरत होते, त्यांपैकी ३९ टक्के रुग्णांना आदल्या वर्षभरात असे बारांहून अधिक पंप लिहून दिले गेले होते. इतके पंप संपत आहेत ही धोक्याची खूण संगणकातच होती, पण ती पाहण्याचे काम कोणाला नेमून दिलेले नव्हते.

आता नेब्युलायझरकडे येतो, कारण निधी मिळाला की पहिली मागणी त्याचीच होते. मुलांच्या सौम्य आणि मध्यम झटक्यात पंप आणि स्पेसर (पंपातले औषध आत धरून मुलाला सावकाश श्वासातून घेऊ देणारी पोकळ नळी) यांचा परिणाम नेब्युलायझरपेक्षा कमी नसतो, उलट तातडीच्या कक्षातला मुक्काम कमी होतो आणि नाडीची गतीही कमी वाढते, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यातून दिसलेले आहे. स्पेसरला वीज लागत नाही. भारनियमनाच्या तालुक्यात याचा अर्थ काय होतो ते आपल्याला मी सांगायला नको. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, रुग्णालयात स्पेसरने औषध दिले तर आई ते पाहून शिकते आणि घरी तसेच देऊ शकते. यंत्राने वाफ दिली की तिच्या मनात पक्के बसते की आराम दवाखान्यातच पडतो, आणि पुढच्या वेळी ती मध्यरात्री रिक्षा शोधत निघते. गंभीर झटक्यासाठी ऑक्सिजनवर चालणारी नेब्युलायझरची सोय प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात हवीच. प्रश्न प्राधान्याचा आहे.

स्पेसर महाग पडतात अशी तक्रार येईल. दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले की, पाण्याची ५०० मिलिलिटरची प्लास्टिकची बाटली नीट तयार केली तर ती बाजारातल्या स्पेसरइतकेच काम करते. बाटलीच्या बुडाला पंपाचे तोंड घट्ट बसेल एवढेच भोक पाडायचे, फट राहिल्यास चिकटवून बंद करायची, आणि बाटलीचे तोंड मुलाने ओठांत धरायचे. मास्क न लागणाऱ्या, म्हणजे साधारण चार वर्षांवरच्या मुलांना हे चांगले जमते. सरकारी खरेदीत बाटली बसत नाही म्हणून तिला नाके मुरडू नयेत. खरेदी रखडेल तेव्हा तीच उपयोगी पडते.

मात्र स्पेसर हातात देऊन भागत नाही. पंप हलवायचा, मास्क नाक आणि तोंड दोन्हींवर घट्ट टेकवायचा, एकदाच दाबायचा, मुलाला शांतपणे पाच-सहा श्वास घेऊ द्यायचे, आणि दुसऱ्या मात्रेसाठी पुन्हा हलवण्यापासून सुरुवात करायची. निम्म्याहून अधिक घरी मला एकापाठोपाठ दोन-तीनदा दाबलेला पंप, गालापाशी फट राहिलेला मास्क किंवा रडणारे मूल यांपैकी काहीतरी आढळते. रडताना औषध छातीत फारसे उतरत नाही, म्हणून लहान बाळाला झोपेत किंवा मांडीवर शांत असताना देणे बरे. मात्रा मोजणारा आकडा नसलेल्या पंपात औषध संपल्यावरही वायू उरतो आणि फुसकारा येतच राहतो. त्यामुळे रिकामा पंप आठवडेच्या आठवडे ‘चालू’ असतो. पंप देतानाच औषध निर्माण अधिकाऱ्यांनी त्यावर सुरुवातीची आणि संपण्याची अंदाजे तारीख पेनने लिहिली की हा घोळ टळतो. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळवावा, फडक्याने पुसू नये. पुसल्याने आत स्थिर विद्युत निर्माण होते आणि औषध भिंतीला चिकटते.

कोणत्या मुलाला दम्याचे म्हणायचे, हे वयावर आणि परिस्थितीवर अवलंबून आहे आणि येथे घाई नको. पाच वर्षांखालील पुष्कळ मुलांना फक्त विषाणूजन्य सर्दीत घरघर लागते आणि वाढत्या वयात ती थांबते. तीन किंवा अधिक वेळा घरघर, सर्दी नसतानाही रात्रीचा किंवा पळाल्यावर येणारा खोकला, अंगावर इसब, आई-वडिलांपैकी एकाला दमा किंवा ॲलर्जी, असे एकत्र आले तर मी कमी मात्रेतील इनहेल्ड स्टेरॉइड (श्वासनलिकांची सूज कमी करणारे, पंपातून रोज घ्यायचे औषध) दोन-तीन महिने देऊन पाहतो, फरक नोंदवतो आणि मग थांबवून पुन्हा पाहतो. यंत्रात जोराने फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याची चाचणी एवढ्या लहान मुलांना जमत नाही. तिच्यासाठी थांबून राहण्यात अर्थ नाही. पण दोन गोष्टी विसरू नयेत. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, वजन घटणे आणि घरात क्षयरोगी असेल तर आधी क्षयरोग पाहावा. आणि पूर्वी अगदी ठणठणीत असलेल्या दोन वर्षांच्या मुलाला खेळता खेळता अचानक ठसका लागून एकाच बाजूला घरघर सुरू झाली असेल, तर श्वासनलिकेत शेंगदाणा अडकला आहे असे धरून चालावे. घरोघर शेंगांचे कूट आणि चटणी असलेल्या या जिल्ह्यात तो प्रसंग दुर्मीळ नाही.

लहान मुलांमध्ये याच्या उलटही घडते, म्हणजे दमा असून निमोनिया म्हटले जाते. वर्षावरील मुलाचा श्वास मिनिटाला चाळीस किंवा अधिक झाला की आपले कर्मचारी निमोनिया समजतात आणि ते तसे शिकवलेलेच आहे. परंतु घरघर असेल तर पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने तीनपर्यंत वेळा श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध देऊन पुन्हा श्वास मोजावा, ही पायरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या बालआजार मार्गदर्शनात आहे. व्यवहारात ती गळून पडते, कारण पंप आणि स्पेसर त्या टेबलावर नसतात. एका उपकेंद्राच्या टेबलावर ते ठेवा, आणि अँटिबायोटिकच्या खपाकडे लक्ष द्या.

आता मूळ मुद्दा, म्हणजे मुलाची जबाबदारी. आपल्या जिल्ह्यात एकाच मुलाला चार दरवाजे आहेत: प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांचे, शहरातला दवाखाना महापालिकेचा आणि डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे. प्रत्येकाचा केसपेपर वेगळा, औषधांची मागणी वेगळी. यात खासगी डॉक्टरांची भर घाला. या सगळ्यांची संगणकप्रणाली जोडली जाईल तेव्हा जाईल; तोवर नोंद मुलाबरोबर फिरली पाहिजे. लसीकरण कार्डासारखे एक जाड कार्ड पुरे. त्यावर निदान स्पष्ट शब्दांत, रोजचे औषध, झटका आल्यास किती मात्रा, कधी निघायचे, आणि मागच्या बाजूला प्रत्येक झटक्याची तारीख. पिशवीतल्या चिठ्ठ्यांचे काम ते एकटे करते. ऊसतोडीसाठी हंगामभर कारखान्यांच्या आसपास पालावर राहणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी तर दुसरा मार्गच नाही; ती मुले दिवाळीनंतर येतात आणि होळीच्या सुमारास निघून जातात.

कार्डाबरोबर माणूस हवा. फिनलंडने १९९४ ते २००४ या काळात राष्ट्रीय दमा कार्यक्रम राबवला तेव्हा भव्य केंद्रे उभारण्याऐवजी प्रत्येक आरोग्य केंद्रात आणि औषधदुकानात दम्यासाठी एक ठरलेली व्यक्ती नेमली आणि तिला शिकवले. तेथे दम्यासाठीचे रुग्णालयातील दिवस १९९३ मधील सुमारे १,१०,००० वरून २००३ मध्ये ५१,००० वर आले. आपल्याकडे ही व्यक्ती उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी किंवा केंद्रातील एखादी परिचारिका होऊ शकते. काम मोजकेच द्यावे: झटक्यातून घरी गेलेल्या मुलाची दोन-तीन दिवसांत फोनवरून किंवा आशाताईंकडून चौकशी, पंधरा दिवसांच्या आत स्पेसर आणि पंप घेऊन प्रत्यक्ष भेट, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा. या भेटीत पंप ‘घेऊन’ येण्यावर आग्रह धरावा, कारण आई पंप वापरते असे सांगते तेव्हा ती कसा वापरते ते कळत नाही.

दुसरे असे की, घरी जाताना औषध हातात पडले पाहिजे. अमेरिकेत सिनसिनाटीच्या बालरुग्णालयाने २००८ पासून गरीब वस्त्यांतील मुलांसाठी जे काम केले, त्यात भरती झालेल्या मुलाला घरी सोडतानाच महिन्याचे औषध देणे ही एक साधी बाब होती. २०१५ पर्यंत त्या गटातील भरती आणि तातडीच्या भेटी दोन्ही चाळीस टक्क्यांहून अधिक घटल्या. आपली परिस्थिती याच्या उलट आहे. जनआरोग्य योजनेतून भरतीचा खर्च मिळतो, पण ती भरती टाळणारा रोजचा पंप बाह्यरुग्णाचे औषध म्हणून तिच्या बाहेर राहतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांत उपचार निःशुल्क आहेत आणि ब्युडेसोनाइड हे इनहेल्ड स्टेरॉइड २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहे. पण मोफत औषधाला साठ्यात असण्याची अट असते. माझ्या पाहण्यात सालब्युटामॉल बहुधा मिळते आणि इनहेल्ड स्टेरॉइडसाठी ‘बाहेरून घ्या’ अशी चिठ्ठी निघते. निधी कुठे घालायचा याचे माझे उत्तर इथे आहे: इनहेल्ड स्टेरॉइड, मास्कसह स्पेसर, कार्ड आणि पल्स ऑक्सिमीटर, याच क्रमाने.

हे सगळे ज्या घरात उतरायचे त्या घराचा विचार केल्याशिवाय ते टिकत नाही. विडी वळणाऱ्या बाईच्या मांडीवर सूप असते, सुपात तंबाखू आणि तेंदूची पाने, आणि शेजारी तेच मूल खेळत किंवा झोपलेले असते. तिला विडी वळणे सोडा असे सांगणे निरर्थक आहे. तंबाखू चाळणे दाराबाहेर करा, मूल झोपते त्या खोलीत माल ठेवू नका, हे ती करू शकते. सकाळी वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायला जावे लागते, आणि आपली ओपीडी नेमकी त्याच वेळी असते. पुन्हा दाखवायला संध्याकाळी बोलावले तर ती येते. यंत्रमागाच्या खोलीलगत राहणाऱ्या मुलांना कापसाच्या धुरळ्याचा त्रास होतो. खेड्यात घरी गॅस असला तरी आंघोळीचे पाणी तुराट्यांवर किंवा गोवऱ्यांवरच तापते आणि थंडीच्या दिवसांत मुले त्याच चुलीपाशी शेकत बसतात. ज्वारीची मळणी, पावसानंतरचे गाजरगवत, पाचट जाळणे, डासांची कॉइल, हे सगळे विचारावे. पण यादी वाचून दाखवू नये, एक-दोनच गोष्टी ठरवाव्यात. सूचना सोलापूर शहराच्या पूर्वभागात तेलुगूत आणि अक्कलकोटकडे कन्नडमध्ये द्याव्या लागतात. कार्डावर चित्रे असतील तर निम्मे काम होते.

‘पंपाची सवय लागते’ ही भीती सर्वत्र आहे आणि ती आजीकडून येते, म्हणून शक्यतो आजीलाही बोलवावे. पंपातील मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, सिरपमधली मिलिग्रॅममध्ये, आणि हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम होतो. हे समजावले की बऱ्याच जणी ऐकतात. उंचीबद्दल विचारले तर खरे सांगावे: दीर्घकाळ नियमित वापरात उंचीत साधारण एक सेंटीमीटरचा फरक पडल्याचे अभ्यासांत दिसले आहे, आणि वारंवारच्या झटक्यांत तोंडाने दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडचा त्रास त्याहून जास्त असतो. माँटेलुकास्टने झोप, वागणूक आणि मनःस्थिती बिघडू शकते असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये दिला. तरीही ते सर्दीचे सिरप म्हणून सर्रास जाते, याबद्दल मेडिकलवाल्यांशी आणि आसपासच्या जनरल प्रॅक्टिशनरांशी बोलायलाच हवे. बहुतेक मुले पहिल्यांदा त्यांच्याकडेच जातात. त्यांना चुका दाखवत गेलात तर दार बंद होईल. कार्डांचा गठ्ठा आणि आपला फोन क्रमांक देऊन या.

शिबिरांबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. एक दिवस गर्दी होते, फोटो निघतात, आणि महिन्याने औषध कोण देणार हे कोणालाच ठाऊक नसते. त्याऐवजी २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वापरा. ती अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात, आणि त्यांच्या तीस आजारांच्या यादीत श्वासनलिकेच्या अतिसंवेदनशीलतेचा आजार आधीपासूनच आहे. असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमातही आता दमा आला आहे, पण तेथील तपासणी तिशीपुढील लोकांची असल्याने मुलांसाठी हीच पथके कामाची. त्यांना एकच जादा प्रश्न द्या: गेल्या वर्षभरात या मुलाला धाप लागून किती वेळा वाफ घ्यावी लागली? दोन किंवा अधिक असे उत्तर आले, तर नाव ठरलेल्या परिचारिकेकडे जावे. जिल्ह्याचे दमा क्लिनिक नंतर काढा, कठीण मुलांसाठी. आधी काढले तर सौम्य दम्याची मुले करमाळ्याहून सोलापूरला येत राहतील आणि दुसऱ्या भेटीला येणार नाहीत.

अकराही तालुक्यांत एकदम सुरू करू नये. आपले रुग्णालय आणि त्याखालची दोन-तीन आरोग्य केंद्रे घ्या, आणि दर महिन्याला तीनच आकडे भिंतीवर लावा: झटक्यानंतर पंधरा दिवसांत परत दाखवलेल्या मुलांचे प्रमाण, दोनदा किंवा अधिक वेळा झटका आलेल्यांपैकी किती मुलांना इनहेल्ड स्टेरॉइड चालू आहे, आणि त्याच मुलांच्या पुन्हा झालेल्या भरती. चौथा आकडा औषधभांडारातून फुकट मिळतो, तो म्हणजे दिलेल्या सालब्युटामॉल पंपांच्या तुलनेत स्टेरॉइड पंप किती गेले. पहिल्या काही महिन्यांत निदाने वाढतील आणि आकडे बिघडल्यासारखे दिसतील. वरिष्ठांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर बैठकीत उत्तरे देत बसावे लागेल. भरतीचा आकडा तर ऋतूप्रमाणे हलतो, म्हणून त्याची तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी.

वेळेचा एक हिशेब राहिला. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि माझ्या अनुभवात पहिली लाट त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत येते. नियोजनाचा निधी मात्र बहुधा मार्चअखेर घाईने खर्च होतो. मागणीपत्र जानेवारीतच द्या, पुरवठा दोन टप्प्यांत मागा, म्हणजे सगळे पंप एकाच मुदतीचे येणार नाहीत, आणि मे महिन्यात औषध निर्माण अधिकारी, परिचारिका व आशाताईंचे स्पेसरचे प्रशिक्षण प्रत्यक्ष हातात पंप देऊन उरकून घ्या. कार्डाचा मसुदा छापण्यापूर्वी एका आईकडून, शक्यतो कमी शिकलेल्या, वाचून घ्यावा. ती जिथे अडखळेल ती ओळ बदला.